आधी पिल्लाची आई दाखवा

आमच्याकडे आता चिकू आहे, लॅब्राडोर, फिमेल, चौदा आठवड्यांची, आणि हे टाइप करतेय तेव्हा माझ्या चपलेचा पट्टा तिच्या तोंडात आहे. पण चिकू येण्याआधी वर्षभरात आम्ही दोनदा फसलो. एकदा नुसते पैसे गेले, दुसऱ्यांदा पैसे पण गेले आणि एक जीव पण गेला. गेल्या महिन्यात आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या रो हाऊसच्या लाइनीतच दोघीजणींनी विचारलं की ताई तुम्ही ऑनलाइन कुठून घेतलं, आम्हाला पण घ्यायचंय, तेव्हा ठरवलं की सगळं नीट लिहूनच काढावं, कारण दोन मिनिटांत गेटवर उभं राहून सांगण्यासारखं नाहीये हे.

तर सुरुवात झाली दिवाळीच्या सुट्टीत. लेक सातवीत, तिला दोन वर्षांपासून लॅबच पाहिजे होतं आणि आम्ही म्हणलेलो की सहामाहीला चांगले मार्क आण मग बघू, तर तिने आणले. मग मी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका अ‍ॅपवर शोधायला लागले. तिथे एक जाहिरात दिसली, लॅब फिमेल, 45 दिवस, फक्त 6,000, मालकाची बदली झाली म्हणून अर्जंट द्यायचंय. मालक म्हणे देवळाली कॅम्पला आर्मीत. आता आपल्या नाशिककरांचं कसं आहे, देवळालीला तोफखान्याचं इतकं मोठं ठाणं आहे, आर्मी म्हणलं की आपला विश्वास बसतोच, आणि त्याने लगेच आयडी कार्डचा फोटो पाठवला, युनिफॉर्ममधला फोटो पाठवला, कँटीनचं कार्ड पण पाठवलं. मी एकदा पण विचार केला नाही की खरा जवान अनोळखी बाईला कुत्र्यासाठी स्वतःचं ओळखपत्र कशाला पाठवेल. ते फोटो कुठल्यातरी खऱ्या जवानाचे चोरलेले असणार.

मी म्हणलं आम्ही आत्ता निघतो, स्कूटीवर अर्ध्या तासात पोचतो. तर म्हणाला, "मॅडम, कॅम्प एरिया में सिव्हिलियन अलाउड नहीं है." अहो लाम रोडला आम्ही कितीदा गेलोय, देवळालीत माझी मावससासू राहते, तिथे हजारो साधी माणसं राहतात, बाजार भरतो! पण फोटोतलं ते पिल्लू लेकीने वॉलपेपरला लावून टाकलं होतं आणि माझं डोकं त्या क्षणी चाललंच नाही. तो म्हणाला आर्मीच्या गाडीतून घरपोच पाठवतो, फक्त गेटपासचे 2,000 आधी टाका, ते पिल्लाच्या पैशातून वजा होतील. टाकले. मग तासाभराने ट्रान्सपोर्टचे 3,500, ते पण टाकले. संध्याकाळी फोन आला की गाडी निघालीये पण इन्शुरन्सचे 9,800 भरावे लागतात, पिल्लू हातात पडल्यावर पूर्ण रिफंड. मी म्हणलं एवढे नाहीयेत. तर म्हणाला ठीक आहे, मी तुमचे आधीचे सगळे पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.

मी फोन हातात घेऊन पिन टाकणार तेवढ्यात सासूबाई, त्या शाळेत शिक्षिका होत्या, शेजारी बसून मटार सोलत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं पैसे येणारेत ना, मग पिन कशाला लागतोय? भाजीवाल्याला आपण पैसे देतो तेव्हा पिन आपण टाकतो, तो कुठे टाकतो?"

बस. तिथे थांबले. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, स्कॅन पण करावं लागत नाही, एवढी साधी गोष्ट रोज करत असून मला त्या वेळी सुचली नव्हती. सासूबाईंमुळे पुढचं सगळं खातं वाचलं. तो दहा मिनिटं ओरडला, आर्मीची केस टाकीन म्हणाला, मग नंबर बंद.

मी केलेली सगळ्यात मोठी चूक ही की घरात ह्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी 1930 ला फोन केला, ही सायबर फ्रॉडची हेल्पलाइन आहे, त्यांनी विचारलं की किती वाजता पैसे गेले, कुठल्या बँकेतून, समोरचा यूपीआय आयडी काय, आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, तो 12 आकडी असतो, पेमेंट अ‍ॅपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर पण सगळे स्क्रीनशॉट टाकले. पण तोपर्यंत पैसे त्या खात्यातून पुढे निघून गेले होते. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे असतानाच बँक ते अडवू शकते, म्हणून असं काही झालं तर आधी 1930 लावा, रडायचं, भांडायचं, नवऱ्याला सांगायचं ते नंतर.

नंतर रात्री लेकीने तो पिल्लाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला. तोच फोटो परदेशातल्या कुठल्यातरी पेजवर सापडला, चार वर्षं जुना. आणि मग तिने मला झूम करून दाखवलं, पिल्लाच्या मागे भिंतीवर जमिनीजवळ प्लगचा सॉकेट होता, दोन उभ्या चिरा आणि खाली एक गोल भोक, आपल्याकडे असा नसतोच, आपले तिन्ही गोल असतात. म्हणजे फोटोतच लिहिलेलं होतं की हे घर भारतातलं नाही. मी तो फोटो पन्नास वेळा बघितला असेल, पण पिल्लाचे डोळे सोडून दुसरीकडे माझी नजर गेलीच नव्हती.

आता दुसऱ्या वेळचं. हे लिहायला जड जातंय.

डिसेंबर. ह्यावेळी आम्ही ठरवलं की पिल्लू हातात मिळाल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. इन्स्टाग्रामवर एक ब्रीडर सापडला, नाशिकजवळ फार्म आहे म्हणायचा, भरपूर फॉलोअर, रोज रील, चॅम्पियन ब्लडलाइन, हेवी बोन, शो क्वालिटी असले सगळे शब्द. व्हिडिओ कॉलवर पिल्लू दाखवलं, खरं होतं, हलत होतं, आमचं समाधान झालं. मी म्हणलं फार्मवर येऊन बघतो, तर म्हणाला, "ताई, सध्या पार्वो फिरतोय, बाहेरची माणसं आत घेतली की इन्फेक्शन येतं, म्हणून आम्ही कोणालाच आत घेत नाही, तुमच्याच पिल्लाच्या काळजीपोटी." पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा व्हायरसचा जीवघेणा आजार. मला ते इतकं पटलं, उलट वाटलं की किती काळजीवाला माणूस आहे. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाला ती आता दुसऱ्या फार्मला आहे, दूध तोडायला वेगळी केलीये.

नाशिकमध्येच द्वारकेला सर्कलच्या अलीकडे त्याची गाडी आली. मागच्या सीटवर द्राक्षाचं पुठ्ठ्याचं खोकं होतं, एक्सपोर्टला वापरतात ना तसलं, बाजूला भोकं असलेलं, आणि त्यात खाली पेपर घालून ती बसली होती. 14,000 कॅश दिले. त्याने एक लसीकरणाचं पुस्तक दिलं आणि म्हणाला, "पहिला डोस झालाय, डिवर्मिंग म्हणजे जंताचं औषध पण झालंय, केसीआयचे पेपर कुरिअरने येतील." (केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था.) पाच मिनिटांत गेला पण.

तिचं नाव लेकीने ब्राऊनी ठेवलं. चॉकलेटी रंगाची होती.

दुसऱ्या दिवशी इंदिरानगरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी तोंड उघडून बघितलं आणि विचारलं की किती दिवसांची म्हणून दिली. म्हणलं 45. ते म्हणाले पंचेचाळीसची पण नाहीये ही, आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे 28 दात आलेले असतात, हिच्या मागच्या दाढा अजून हिरडीतच आहेत, ही जेमतेम पाच आठवड्यांची आहे. आणि मग त्यांनी सांगितलं ते मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे सगळे 45 दिवस 45 दिवस म्हणतात, जाहिरातीत पण तेच असतं, पण केंद्र सरकारचे 2017 चे डॉग ब्रीडिंगचे नियम आहेत आणि त्यात आठ आठवडे पूर्ण व्हायच्या आत पिल्लू विकायचंच नाही असं आहे. म्हणजे 56 दिवस. म्हणजे जो माणूस अभिमानाने 45 दिवसांचं पिल्लू आहे म्हणून सांगतो तो नियम मोडतोय हे स्वतःच्याच तोंडाने सांगतोय.

मग पुस्तक उघडलं. खऱ्या लसीच्या बाटलीवर छोटं स्टिकर असतं, लसीचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, ते सोलून डॉक्टर पुस्तकात चिकटवतात आणि त्यावर किंवा शेजारी सही करतात. आमच्या पुस्तकात नुसती बॉलपेनने तारीख होती आणि एक गोल शिक्का, शिक्क्यात डॉक्टरचं नाव धड वाचता येत नव्हतं, रजिस्ट्रेशन नंबर नव्हताच. डॉक्टरांनी पान माझ्यासमोर धरून अंगठ्याने तो शिक्का घासला तर शाई पसरली. दोन दिवसांपूर्वी मारलेला असेल, तारीख मात्र दोन आठवड्यांपूर्वीची.

चौथ्या दिवशी सकाळी ब्राऊनी वाटीकडे आलीच नाही. दुपारी पांढरा फेस ओकली. रात्री रक्ताची शी झाली, त्याला जो वास असतो तो ज्याने एकदा घेतलाय तो आयुष्यात विसरणार नाही. डॉक्टरांनी टेस्ट केली, पार्वो पॉझिटिव्ह. तीन दिवस सलाईन, अँटीबायोटिक, उलटीचं इंजेक्शन. पार्वोच्या व्हायरसला मारणारं असं साधं औषध नाही, शरीरातलं पाणी टिकवून ठेवायचं, बाकीचं इन्फेक्शन रोखायचं आणि पिल्लाची ताकद टिकते का बघायचं, एवढंच हातात असतं. ती पाच आठवड्यांची होती. तिसऱ्या रात्री मी तिला टॉवेलमध्ये मांडीवर घेऊन बसले होते, पंजे गार पडत चाललेले, सलाईनची पट्टी लावलेला पाय मी हाताने चोळत होते गरम राहावा म्हणून. पहाटे गेली.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला माझ्याकडून ठणठणीत नेली होती, तुम्ही दूध-दही काहीतरी दिलं असेल. मग ब्लॉक. डॉक्टर म्हणाले पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे चौथ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू बहुतेक तिथूनच घेऊन आलेलं. पार्वोच्या नावाने त्याने मला फार्म बघू दिला नाही, आणि पार्वो त्याच्याकडेच होता. ह्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मग घर धुतलं. हा व्हायरस जमिनीत, फरशीच्या फटीत, चटईत महिनोन्महिने राहतो आणि फिनाइलने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, आणि लगेच पुसायचं नाही, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. तिची चादर, वाटी, खेळणं सगळं टाकून दिलं. डॉक्टरांनी बजावलं की निदान सहा महिने तरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू ह्या घरात आणायचं नाही, अंगणात माती आहे तिथे तर विशेष. लेक महिनाभर कुत्र्याचं नाव काढत नव्हती.

सहा-सात महिने गेले. जुलैमध्ये तीच म्हणाली, मम्मी, परत बघूया का, पण ह्यावेळी पिल्लाची आई बघितल्याशिवाय नको. मला तिथेच कळलं की दोन्ही वेळेस आम्ही कुठे फसलो. पहिल्याकडे पिल्लूच नव्हतं तर आई कुठून दाखवणार, आणि दुसऱ्याकडे आई अशा अवस्थेत असणार की दाखवायची सोय नसणार.

मग मी फोन करायला लागले. वहीत लिहून ठेवलेलं सगळं, आठ जणांना फोन केले. पहिलाच प्रश्न, पिल्लं जिथे जन्मली तिथे येऊन आईसोबत बघता येतील का. दुसरा, राज्य प्राणी कल्याण मंडळाचं ब्रीडर रजिस्ट्रेशन आहे का, कारण 2017 च्या नियमांत ते सक्तीचं आहे. तिसरा, आठ आठवड्यांनंतर देणार का. दुसऱ्या प्रश्नालाच चौघांनी फोन ठेवला, एक जण तर म्हणाला "तुम्हाला कुत्रा पाहिजे की सरकारी नोकरी." दोघे म्हणाले लोक 35 दिवसांतच नेतात, तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे.

सातव्याने या म्हणून सांगितलं. शहराबाहेर, शेतातलं पत्र्याचं शेड. ते मी विसरू शकत नाही. गेटपासूनच लघवीचा झणझणीत वास, डोळ्यातून पाणी यायला लागलं. जाळीचे पिंजरे एकावर एक, खाली तळाला पण जाळीच, त्यामुळे कुत्र्यांचे पंजे फाकलेले. लॅब, पग, शिट्झू, पॉम सगळ्या जाती एकाच ठिकाणी. एका कोपऱ्यात लॅबची मादी, बरगड्या दिसत होत्या, स्तन लोंबलेले, तिच्यापुढे सहा पिल्लं आणि ती उठत पण नव्हती. मी विचारलं हिची कितवी वेळ आहे. तिथला मुलगा सहज म्हणाला, सात-आठ झाल्या असतील. नियम काय सांगतो, तर मादी दीड वर्षाची व्हायच्या आत ब्रीड करायची नाही, आठ वर्षांनंतर करायची नाही, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच. लेक माझा हात ओढत होती की मम्मी एक तरी घेऊन जाऊ ना, इथून सोडवू. खरं सांगते, मला पण तेच वाटत होतं, पर्समध्ये पैसे होते. पण तिला गाडीत बसवून सांगितलं की आपण आज 12,000 दिले तर ते त्या आईच्या पुढच्या वेताला लागतील. दोघी रडत घरी आलो. मोबाइलवर काढलेले फोटो लावून प्राणी कल्याण मंडळाच्या नावाने लेखी तक्रार दिली, जिल्हा पशुसंवर्धन विभागात पण एक प्रत दिली. तुम्ही असं काही बघितलं तर तुम्ही पण द्या, एकाच्या अर्जापेक्षा दहा जणांच्या अर्जाला वजन येतं.

आठव्या नंबरवर जेलरोडच्या काकू निघाल्या. घरात दोनच कुत्रे, राणी नावाची लॅब, चार वर्षांची, तिचं दुसरं वेत, आणि एक म्हातारा देशी. मी माझे तीन प्रश्न विचारायच्या आधी त्यांनीच मला वीस विचारले. घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसभर कोण असतं, गावाला गेलात तर कुठे ठेवाल, आधी कुत्रा होता का, त्याचं काय झालं. ब्राऊनीचं सांगितलं तर त्यांनी पार्वोची तारीख विचारली आणि मोजून बघितलं की किती महिने झालेत. मला वाईट नाही वाटलं, उलट पहिल्यांदा वाटलं की हिला पिल्लांची पडलीये.

पहिल्यांदा गेलो तेव्हा पिल्लं पाच आठवड्यांची होती. गेटवर पाय धुवायला लावले, चपला बाहेर, हाताला सॅनिटायझर, म्हणजे बघा, पार्वोची काळजी असलेला माणूस पण लोकांना घरात घेऊ शकतो, फक्त अशी काळजी घेऊन. राणी शेपटी हलवत आली, मला हुंगलं, परत जाऊन पिल्लांजवळ आडवी झाली आणि सातही जण तिच्यावर तुटून पडले. मी तो अर्धा तास नुसती बघत बसले. आई माणसात बिनधास्त येते का, अंगावर मांस आहे का, पिल्लं आवाजाला दचकून कोपऱ्यात जातात की उत्सुकतेने पुढे येतात, सगळं तिथे दिसतं, कोणाला विचारावं लागत नाही.

टोकन द्यायला गेले तर म्हणाल्या, "आत्ता काही नको, घेऊन जाताना द्या, तोपर्यंत तुमचं मन बदललं तर मला फोन करा फक्त." साठाव्या दिवशी गेलो. रजिस्ट्रेशनचा कागद फाईलमध्ये होता, केसीआयचे राणीचे आणि बापाचे पेपर होते. त्यांनी सांगितलं की आई-बाप दोघं केसीआय रजिस्टर्ड असले तरच पिल्लांची नोंद होते, आणि पिल्लाच्या सर्टिफिकेटवर त्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा 15 आकडी नंबर असतो. त्यांनी डॉक्टरांनाच घरी बोलावलेलं, डॉक्टरांनी चिकूच्या खांद्यांमध्ये स्कॅनर धरला आणि स्क्रीनवर नंबर आला, लेकीने एकेक आकडा कागदाशी ताडून बघितला. एका साध्या कागदावर दोघींच्या सह्या केल्या, सात दिवसांत तुमच्या डॉक्टरांना काही जन्मजात आढळलं तर पिल्लू परत आणि पैसे परत. 22,000 दिले, तिथेच, त्यांच्या हॉलमध्ये बसून. येताना काकूंनी राणीच्या अंगाखालचा फडक्याचा तुकडा दिला, रात्री ह्याच्यावर झोपवा म्हणून. पहिली रात्र ती त्याच फडक्यात नाक खुपसून झोपली, कुंई पण केलं नाही.

एक डोस झालेला असला म्हणजे झालं असं समजू नका बरं का, हे डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. पिल्लाला आईकडून पहिल्या दुधातून जी प्रतिकारशक्ती मिळते ती हळूहळू उतरत जाते, आणि ती अंगात असेपर्यंत लसीला काम करू देत नाही. ती नेमकी कधी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवड्यांपर्यंत जायचं. तोपर्यंत रस्त्यावर, बागेत, गोदाघाटावर कुठेच खाली सोडायचं नाही, न्यायचंच असेल तर कडेवर. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. चिकूला मी अजून गेटबाहेर पाय टेकवू दिलेला नाही, शेजारचे म्हणतात फार करतेस, म्हणोत.

परवा तिचा तिसरा डोस झाला. डॉक्टरांनी बाटलीवरचं स्टिकर सोललं आणि पुस्तकासोबत लेकीच्या हातात दिलं, तूच लाव म्हणाले. तिने ते अगदी चौकटीत बसेल असं चिकटवलं, बॅच नंबर मोठ्याने वाचला, एक्सपायरी वाचली, आणि पानाचा फोटो काढून जेलरोडच्या काकूंना पाठवला. काकूंनी उलट राणीचा फोटो पाठवला, उन्हात पाय ताणून झोपलेली. सोळा आठवड्यांचा शेवटचा डोस झाला की चिकूला तिकडे न्यायचंय, काकूंनी रविवार सांगितलाय.